पायोनियर आणि अतिक्रमणदार

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव समारंभ झाला. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी आले होते. आपल्याच समाजातले, आरक्षणातूनच वर गेलेले. मुलगा अमेरिकेत नोकरीला असल्यामुळे ते सहा महिने तिकडे राहून नुकतेच परतले होते. साहजिकच भाषणात अमेरिका आली. ते म्हणाले, "तिथे पायोनियर नावाची माणसे होऊन गेली. त्यांनी गाडीत संसार टाकला, हातात कुऱ्हाड घेतली आणि शेकडो मैल ओसाड रानात घुसली. झाडे तोडली, घरे बांधली, शेती उभी केली. कुणी सरकारपुढे हात पसरला नाही, कुणी सवलत मागितली नाही. म्हणून तो देश महासत्ता झाला. आणि आपण? आपण अजून गायरानाच्या सातबाऱ्यासाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो आहोत."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. १९६४च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात विशीच्या आत तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस. १९८१पासून ते गावच्या गायरानात तीन एकर कसतात. घरी परतताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "का रं, ते लोक ज्या रानात घुसले, ते रान कुणाचं होतं?"

हा प्रश्न साधा आहे. पण सिनेमांनी, बालवाचनाच्या पुस्तकांनी आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांनी पायोनियरांची जी मूर्ती आपल्यापुढे उभी केली आहे, तिला नेमका हाच प्रश्न कधी विचारला जात नाही. म्हणून नानांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात अमेरिकेच्या सर्वात लाडक्या पायोनियरापासून करू. डॅनियल बून. १७७५ साली त्याने कंबरलँड गॅप नावाच्या खिंडीतून केंटकीत जाणारी वाट पाडली आणि बून्सबरो ही वस्ती बसवली. त्या वाटेचे नावच 'वाइल्डरनेस रोड', म्हणजे रानवाट. परंतु हे रान रिकामे नव्हते. शॉनी आणि चेरोकी या लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची शिकारभूमी होती. एवढेच नव्हे, तर १७६३ साली खुद्द इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढून अॅपलेशियन पर्वतापलीकडे गोऱ्यांनी वसाहत करू नये असे बजावले होते. म्हणजे त्या काळच्या कायद्याप्रमाणे पाहिले तर बून आणि त्याचे सोबती काय होते? अतिक्रमणदार. बूनला पाठवणाऱ्या जमीन कंपनीने काही चेरोकी प्रमुखांशी सौदा केला होता. पण चेरोकींमध्येच त्याला कडवा विरोध होता आणि पुढे व्हर्जिनिया राज्यानेही तो सौदा रद्द ठरवला.

आणि कुऱ्हाड फक्त गोऱ्या हातांत नव्हती. केंटकीत जाणाऱ्या पहिल्या तांड्यांमध्ये गुलाम म्हणून नेलेले काळे लोकही होते. १७९०च्या जनगणनेत केंटकीची लोकसंख्या सुमारे ७३ हजार होती, त्यात सुमारे १२ हजार गुलाम होते. जंगल तोडणारी, ओंडके वाहणारी, मका पेरणारी ही माणसे सिनेमात दिसत नाहीत. किल्ला बांधणाऱ्या वेठबिगाराचे नाव कुठल्या शिलालेखावर असते?

बूनची पुढची कथा मात्र आपल्या लोकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. केंटकीत त्याने हजारो एकरांवर दावे लावले, पण नोंदी नीट केल्या नाहीत. एकाच जमिनीवर चार-चार दावे, वकिलांची फौज आणि कोर्टकज्जे यांत त्याच्या हातून जमीन गेली. ज्याने वाट पाडली तोच १७९९ साली केंटकी सोडून मिसुरीत, म्हणजे तेव्हाच्या स्पेनच्या मुलुखात निघून गेला. तिथे स्पॅनिश अधिकाऱ्यांनी दिलेली जमीनही तो मुलुख अमेरिकेकडे आल्यावर कागदाअभावी गेली. शेवटी १८१४ साली अमेरिकन संसदेने ती परत दिली. जमीन कुऱ्हाडीने साफ होते, पण मालकी कागदाने ठरते हे त्या शूर माणसाला उतारवयात कळले. तरी त्याच्यासाठी संसद धावून आली, हेही विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. ज्या मूळनिवासींना 'रानटी' म्हणून हुसकावले गेले, त्यांतील चेरोकींचे उदाहरण घ्या. सेक्वोया नावाच्या माणसाने १८२१च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी स्वतंत्र लिपी सिद्ध केली. १८२७ साली त्यांनी स्वतःची लिखित राज्यघटना केली. १८२८ साली स्वतःचे वृत्तपत्र काढले, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. त्यांची शेती होती, गिरण्या होत्या, शाळा होत्या. रानटीपणाची कोणती खूण शिल्लक होती? होती ती फक्त जमीन, आणि त्या जमिनीखाली जॉर्जियात सापडलेले सोने. १८३० साली अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी मूळनिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हटवण्याचा कायदा केला. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला. त्याची अंमलबजावणी झाली नाही. त्याच वर्षी जॉर्जिया राज्याने चेरोकींच्या जमिनींची सोडत काढली. होय, लॉटरी! चिठ्ठी निघेल त्याला शेत. १८३८ साली सैन्याने घराघरांतून माणसे बाहेर काढली आणि सुमारे १६ हजार चेरोकींना शेकडो मैल पश्चिमेला नेले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे चार हजार मेले. (चेरोकींमधील काही श्रीमंतांकडेही काळे गुलाम होते आणि ते गुलामही त्याच वाटेने फरफटत गेले, हे सांगितले नाही तर आपण अर्धाच इतिहास सांगू.) ती सोडत लागलेल्या माणसाचा नातू पुढे अभिमानाने म्हणाला असेल की आमच्या आजोबांनी ओसाड रानातून शेत उभे केले.

पाहुण्यांचे दुसरे विधान असे होते की पायोनियरांनी सरकारपुढे हात पसरला नाही. हे विधान तर सरळसरळ चुकीचे आहे. सरकारने इतक्या मोठ्या प्रमाणात आपल्या नागरिकांना फुकट मालमत्ता वाटल्याची उदाहरणे जगात थोडी सापडतील.

अमेरिकेत १७८५ सालीच जमीन मोजणीचा कायदा झाला. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन, त्याचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा आणि त्यांतला एक शाळेसाठी राखीव. अशी आखणी सरकारी मोजणीदारांनी केली. तरी लोक मोजणीच्या आधीच सरकारी जमिनीत घुसून बसत. अशा बसणाऱ्यांना इंग्रजीत 'स्क्वॉटर' म्हणतात. आपल्या तलाठ्याच्या भाषेत अतिक्रमणधारक. या स्क्वॉटरांचे सरकारने काय केले? १८४१ साली कायदा करून त्यांना पहिल्या खरेदीचा हक्क दिला. जो सरकारी जमिनीत घर बांधून राहतो आहे, त्याने १६० एकरांपर्यंतची जमीन एकरी सव्वा डॉलर भरून स्वतःच्या नावे करून घ्यावी. लिलाव नाही, स्पर्धा नाही. अतिक्रमण नियमानुकूल झाले आणि अतिक्रमणदाराचा पायोनियर झाला.

त्यानंतर १८६२ साल उजाडले. यादवी युद्ध पेटलेले असताना अब्राहम लिंकन यांनी २० मे रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा एकवीस वर्षांच्या कोणाही नागरिकाने, अगदी विधवेने किंवा अविवाहित स्त्रीनेसुद्धा, १६० एकर सरकारी जमीन मागावी, पाच वर्षे तिथे राहून ती कसावी, दोन साक्षीदार आणावेत आणि किरकोळ फी भरून पट्टा घ्यावा. एकूण खर्च अठरा डॉलर. युरोपातून बोटीने कालच उतरलेला माणूसही नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की पात्र. या एका कायद्याखाली पुढे सुमारे १६ लाख कुटुंबांना जमीन मिळाली. एकूण सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे त्या देशाच्या भूभागाचा दहावा हिस्सा. हा कायदा १९७६पर्यंत, आणि अलास्कात १९८६पर्यंत चालू होता. त्याच १८६२च्या उन्हाळ्यात रेल्वे कंपन्यांना जमिनी देण्याचा कायदा झाला; अशा अनुदानांतून केंद्र सरकारने रेल्वे कंपन्यांना सुमारे १३ कोटी एकर दिले. आणि त्याच जुलैत आणखी एक कायदा झाला, ज्याने राज्यांना जमिनी देऊन त्या विकून शेतकी आणि तांत्रिक महाविद्यालये काढायला सांगितले. जमीन फुकट, तिथवर नेणारी रेल्वे सरकारी मदतीने, मुलांचे कॉलेज सरकारी जमिनीवर आणि संरक्षणाला सरकारी फौज. याला सवलत म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

लबाडी नव्हती असेही नाही. घर बांधल्याचे दाखवण्यासाठी चाकांवरची झोपडी भाड्याने फिरवणारे होते, बारा बाय चौदा फुटांच्या घराऐवजी बारा बाय चौदा इंचांची खेळण्यातली पेटी दाखवून साक्ष देणाऱ्यांचे किस्से आजही सांगितले जातात. पण म्हणून कुणी 'होमस्टेड कायद्याचा गैरवापर होतो, तो रद्द करा' असे मोर्चे काढले नाहीत. गुणवत्तेचा प्रश्न उपस्थित झाला नाही. क्रीमी लेयर काढा असेही कुणी म्हटले नाही.

ट्रिना विल्यम्स शँक्स या अमेरिकन अभ्यासिकेने अंदाज बांधला आहे की २००० सालाच्या सुमारास त्या देशात होमस्टेड मिळालेल्यांचे सुमारे साडेचार कोटी प्रौढ वंशज होते. म्हणजे दर चार प्रौढांमागे जवळपास एक. या लोकांच्या घरातील शिक्षण, धंदा, बँकेतली पत यांच्या मुळाशी कुठेतरी ते १६० एकर आहेत. ते स्वतःला स्वबळावर मोठे झालेले मानतात. मानोत बापडे, पण आपण का मानावे?

आता सर्वात महत्त्वाचा प्रश्न. ज्यांनी अडीचशे वर्षे त्या देशाची जमीन फुकटात कसली, त्या काळ्या गुलामांना काय मिळाले?

१८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. त्यामुळे १८६२च्या कायद्यातला 'नागरिक' हा शब्दच त्याच्यासाठी बंद दरवाजा होता. १८६६चा नागरी हक्क कायदा आणि १८६८ची चौदावी घटनादुरुस्ती येईपर्यंत तो नीट उघडला नाही. नॉर्वेहून आलेल्याला जमीन, व्हर्जिनियात जन्मलेल्याला नाही.

युद्ध संपत आले तेव्हा, जानेवारी १८६५मध्ये, जनरल शर्मन यांनी सव्हाना शहरात वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारले की तुमच्या लोकांना काय हवे आहे? त्यांच्या वतीने बोलणारे गॅरिसन फ्रेझर हे स्वतःच्या पैशाने स्वतःची सुटका विकत घेतलेले वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी दान मागितले नाही, बदला मागितला नाही. आम्हाला जमीन द्या, ती आम्ही स्वतः कसू, एवढेच मागितले. चार दिवसांनी शर्मन यांचा हुकूम निघाला. किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटावी असे त्यात होते. काही महिन्यांत सुमारे ४० हजार लोक सुमारे चार लाख एकरांवर बसले, पेरते झाले. एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मालकांना परत करायला लावल्या. हे मालक कोण? देशाविरुद्ध बंड करून हरलेले. उभ्या पिकातून माणसे उठवली गेली. १८६६ साली दक्षिणेतील पाच राज्यांसाठी वेगळा होमस्टेड कायदा झाला, पण चांगली जमीन आधीच गेलेली, उरलेली दलदल आणि पाइनचे जंगल. बैल नाहीत, बियाणे नाही, कचेरीत गोरे कारकून. दहा वर्षांत तोही रद्द झाला. बहुसंख्य मुक्त माणसे जुन्या मालकाच्याच शेतात अर्धेलीने राबू लागली, दुकानाच्या वहीतले कर्ज फेडत.

आपल्या क्रांतिबा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांची ती कृतज्ञता खरी होती आणि तिचे मोल कमी होत नाही. पण ज्या वेळी पुण्यात तो ग्रंथ छापला जात होता, त्या वेळी मुक्त झालेल्यांच्या हातून जमीन निसटलेली होती. चार वर्षांनी, १८७७ साली, केंद्राचे सैन्य दक्षिणेतून मागे घेतले गेले आणि मतदानाचा हक्कही निसटू लागला.

त्याच १८७७ साली केंटकीतून, म्हणजे डॅनियल बूनच्या त्याच केंटकीतून, काळ्या माणसांचा एक तांडा पश्चिमेला निघाला. हे खरे पायोनियर, ज्यांच्यावर सिनेमे निघाले नाहीत.

डब्ल्यू. आर. हिल हा एक गोरा दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे धर्मोपदेशक यांनी कॅन्सास राज्याच्या पश्चिम भागात निकोडेमस नावाचे गाव कागदावर आखले होते. जाहिरातीत नंदनवन होते. सप्टेंबरमध्ये सुमारे तीनशे माणसे पोहोचली आणि पाहतात तो काय, झाड नाही, दगड नाही, घर नाही. नजर पोहोचेल तिथवर गवत आणि वारा. अनेक कुटुंबे परत फिरली. उरलेल्यांनी जमीन खणून खोल्या केल्या, वर काटक्या आणि गवताच्या मुळांची माती टाकली. पुढच्या वसंतात विलियाना हिकमन नावाची बाई आपल्या नवऱ्याबरोबर दुसऱ्या तांड्यातून आली. नवऱ्याने बोट दाखवून सांगितले, ते बघ निकोडेमस. तिला गाव दिसेना. जमिनीतून धूर निघताना मात्र दिसत होता. माणसे जमिनीच्या पोटात राहत होती. ती बाई तिथेच रडू लागली. ही आठवण तिनेच पुढे सांगून ठेवली आहे.

जनावरे मोजकीच. बऱ्याच जणांनी कुदळ-फावड्यानेच जमीन उकरली. जळण म्हणून सूर्यफुलाची खोडे आणि गवतात वाळलेले शेण. रेल्वेचे स्टेशन सुमारे ३५ मैलांवर. माणसे चालत जात, मजुरी करून येत. आणि पहिल्या हिवाळ्यात जेव्हा अन्न संपले, तेव्हा शिकारीहून परतणाऱ्या ओसेज मूळनिवासींनी आपल्या मांसातला वाटा या लोकांना दिला, असे निकोडेमसचे लोक आजवर सांगत आले आहेत. ज्यांना त्या कॅन्सासमधूनच काही वर्षांपूर्वी उठवले होते, त्या ओसेजांनी!

तरी गाव उभे राहिले. झॅकरी फ्लेचर तिथले पहिले पोस्टमास्तर झाले, त्यांनी हॉटेल काढले. त्यांच्या पत्नी जेनी यांनी पहिली शाळा चालवली. आधी शाळा, मग बाकी सगळे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १८८०च्या दशकात गावात दोन वृत्तपत्रे निघाली, बँक आली, चर्चे झाली, बेसबॉलचा संघ झाला. निकोडेमसमध्ये स्थायिक झालेले एडवर्ड मॅककेब १८८२ साली कॅन्सास राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. त्या राज्यात राज्यपातळीवरील पदावर निवडून येणारे ते पहिले काळे गृहस्थ. हे सगळे सुमारे दहा वर्षांत! १८८८ साली रेल्वे मात्र गावाला वळसा घालून काही मैलांवरून गेली आणि दुकाने रेल्वेच्या मागे निघून गेली. गाव खंगत गेले, पण मेले नाही. १९९६ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. आजही दर वर्षी जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाच्या उत्सवाला देशभर पांगलेले वंशज तिथे जमतात. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर जाणाऱ्या माणसाला हे जमणे म्हणजे काय ते समजेल.

१८७९ साली तर दक्षिणेतून लोंढाच सुटला. टेनेसीतले पॅप सिंगल्टन हे पूर्वीचे गुलाम आणि सुतार. शवपेट्या बनवता बनवता आपल्या लोकांची प्रेते पाहून त्यांनी कॅन्सासचा ध्यास घेतला. त्या एका वर्षाच्या आसपास वीस हजारांवर माणसे निघाली. मिसिसिपीच्या काठावर उपाशी तांडे बसलेले आणि जमीनदारांच्या दबावाने बोटी त्यांना न घेताच पुढे जात. मजूर निघून गेले तर कापूस कोण वेचणार? गाव सोडणाऱ्याची वाट अडवणारा जमीनदार सगळीकडे सारखाच.

या स्थलांतराला फ्रेडरिक डग्लस यांनी विरोध केला होता, हे पुष्कळांना माहीत नसते. स्वतः गुलामीतून पळालेला हा महान नेता म्हणत होता की सरकारने नागरिकाला तो राहतो तिथेच संरक्षण दिले पाहिजे; निघून जाणे म्हणजे हक्क सोडणे. त्यांचा युक्तिवाद चुकीचा म्हणता येणार नाही. पण मार खाणारी माणसे त्या युक्तिवादासाठी थांबली नाहीत. मला स्वतःला या वादात त्या न थांबणाऱ्यांची बाजू अधिक खरी वाटते. कारण बाबासाहेबांनीही आपल्याला गाव सोडायला सांगितले होते, आणि ज्यांनी ऐकले त्यांची मुले आज कुठे आहेत हे आपण पाहतो.

इथपर्यंत सांगून थांबलो तर गोष्ट सोयीची होईल. पण एक गाठ सुटत नाही. निकोडेमसची जमीन तरी कुणाची होती? तीही पॉनी, शायेन, अरापाहो अशा लोकांच्या हातून गेलेलीच. त्याच काळात काळ्या सैनिकांच्या घोडदळाच्या पलटणी मूळनिवासींविरुद्धच्या मोहिमांत लढत होत्या. एका पायदळी तुडवलेल्या समाजाच्या हाती बंदूक देऊन दुसऱ्यावर सोडणे ही जगातल्या सगळ्या सत्ताधाऱ्यांची जुनी रीत. आणि मूळनिवासींकडे उरलेली सामूहिक जमीनही १८८७च्या डॉस कायद्याने तुकडे करून वाटली गेली. 'उरलेली' म्हणून गोऱ्यांना खुली केली. १८८७ साली त्यांच्याकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ साली सुमारे ४ कोटी ८० लाख राहिले. काळ्या पायोनियरांना जमीन मिळाली ती या लुटीच्या अगदी काठावरची. अलीकडच्या संशोधनानुसार मध्यवर्ती गवताळ प्रदेशात, म्हणजे ग्रेट प्लेन्समध्ये, ज्या काळ्या अर्जदारांना होमस्टेडचा पट्टा मिळाला त्यांची संख्या सुमारे साडेतीन हजार आहे. वर दिलेला सोळा लाखांचा आकडा पुन्हा वाचावा. ज्यांना सर्वात कमी मिळाले त्यांना आपण चोर म्हणणार नाही. पण ज्यांचे गेले त्यांना विसरून त्यांची पाठ थोपटणेही बरोबर होणार नाही.

लॉरा इंगल्स वाइल्डर यांची पायोनियरांच्या घरावरची बालपुस्तके जगभर वाचली जातात. १९३५च्या 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी'मधले ते छोटे घर ज्या जागेवर बांधले होते, ती जागा ओसेजांच्या राखीव क्षेत्रात होती. म्हणजे ते कुटुंबही अतिक्रमणदारच. पुस्तकाच्या सुरुवातीला त्या मुलुखाचे वर्णन असे होते की तिथे माणसे नव्हती, इंडियन होते. अठरा वर्षे हे वाक्य कुणाला खटकले नाही. एका वाचकाच्या पत्रानंतर १९५३ साली 'माणसे' काढून 'वसाहतवाले' असा शब्द घातला गेला. हसू नका. आपल्याकडे 'गाव' म्हटले की वेशीच्या आतले आणि 'वाडा' म्हटले की बाहेरचे, हे व्याकरण आपण शाळेच्या आधी शिकलो आहोत. आणि त्याच कुटुंबाला हिवतापातून वाचवणारा डॉक्टर जॉर्ज टॅन हा काळा होता, तोही कॅन्सासचा पायोनियरच.

आता पुन्हा आपल्या गायरानाकडे येतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. जमीन, शेती आणि राज्यसंस्था हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी ती कलमांत मांडली. राज्यघटनेखाली वसाहत आयोग असावा, पडीक सरकारी जमीन त्याच्या ताब्यात द्यावी, अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे बसवावीत आणि त्यासाठी केंद्राने दरवर्षी पाच कोटी रुपये बाजूला ठेवावेत. ही भीक नव्हती. अमेरिकेने आपल्या गोऱ्या नागरिकांना जे दिले त्याच जातीची ही मागणी होती, फक्त तिच्यात कुणाला हुसकावणे नव्हते. ती मान्य झाली नाही. मग कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४चे सत्याग्रह झाले, लाखो माणसे तुरुंगात गेली.

महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय काढून १४ एप्रिल १९९०पर्यंतची भूमिहीन अनुसूचित जाती-जमातींची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरवले. मर्यादा घातलेल्या, कागदावर चांगल्या दिसणाऱ्या या निर्णयाची गावोगाव काय अवस्था झाली ते वाचक जाणतात. पुरावा काय द्यायचा? गाव नमुना एक-ई मध्ये नोंद हवी, आणि नोंद करणारा तलाठी कुणाच्या ओसरीवर चहा घेतो हेही वाचक जाणतात. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. भूमिहीनांना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यातच नमूद आहे, पण नोटीस बजावताना अपवाद वाचून दाखवण्याची पद्धत नाही. गायरानावर साखर कारखानदारांच्या संस्था, मंगल कार्यालये, देवस्थानांचे सभामंडप उभे राहिले तर तो विकास ठरतो. तीन एकर ज्वारी मात्र अतिक्रमण.

समारंभाहून आलो त्या रात्री नानांनी लोखंडी पेटी उघडली. आत दंडाच्या पावत्या आहेत. १९८३पासूनच्या. गायरानात पेरले म्हणून सरकारने दरवेळी केलेला दंड, आणि तोच आज जमीन कसत असल्याचा त्यांचा एकमेव पुरावा. जुन्यांची शाई उडत चालली आहे म्हणून नातवाने त्या प्लास्टिकमध्ये घालून घेतल्या आहेत. मी त्यांना १८४१चा कायदा समजावून सांगितला. आधी घुसलेल्यांना सरकारने जमीन कशी नावावर करून दिली, एकरी सव्वा डॉलर कसा ठरला, सगळे सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "आन्‌ त्या लोकायला दंड किती बसला?"

दंड नव्हता, असे मी सांगितले. नानांनी पावत्या पुन्हा वर्षांप्रमाणे लावल्या आणि पेटी बंद केली.